आमच्या धाब्यावरचा भोंगा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. मी जो गाढवपणा सांगणार आहे तो हसण्यासारखाच आहे, पण सांगताना मला स्वतःला अजून नीट हसता येत नाही. तुम्ही चहा गार होऊ देऊ नका. तुम्ही प्या, मी सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. मोताळ्याजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. गावात नुकतीच वीज आली होती. आली म्हणजे काय, खांब आले, तारा आल्या आणि वीज मनात येईल तेव्हा येऊन जायची! गावात रेडिओ दोनच. एक पंचायतीचा, तो बहुतेक बंद. दुसरा माझा. मग आवाजाच्या शास्त्रातला जाणकार कोण? अर्थात मी! कुणाच्या सायकलची घंटी वाजेनाशी झाली तरी लोक ती माझ्याकडे घेऊन यायचे. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. सरकी काढायच्या यंत्रांचा तो खडखडाट कुणी ऐकला आहे का तुमच्यापैकी? शेजारी उभा असलेला माणूस बोलतो ते तोंडाच्या हालचालीवरून ओळखावं लागतं. अशी तीस वर्षं काढून आबा आमच्याकडे राहायला आले. आले तेव्हा त्यांचे कान बरेचसे तिकडेच राहिले होते.

मला हे लवकर कळलंच नाही. अंगणात चार माणसं बसायची, काही थट्टामस्करी व्हायची, सगळे हसायचे. आबाही हसायचे, पण जरा उशिरा. आमची तोंडं बघून ते हसतात, हे माझ्या बायकोच्या, सुमित्राच्या लक्षात आलं. मी मात्र आवाजाच्या शास्त्रातला जाणकार!

मग एक दिवस त्यांनी ते उशिराचं हसणंही सोडलं. आपली बाज उचलून अंगणाच्या पार कोपऱ्यात नेली. माणसं आली की ते गोठ्याकडे काहीतरी काम काढून निघून जायचे. घरात असून नसल्यासारखे झाले. मला रात्रंदिवस ते खायचं.

आबांना आयुष्यात एकच नाद होता, नाटकाचा. खामगावला नाटक कंपनी उतरली की दिवसभर यंत्राशी झगडून हा माणूस संध्याकाळी पुढच्या रांगेत जाऊन बसायचा. आता नाटक उरलं ते रेडिओवरचं. दर रविवारी दुपारी एक वाजता श्रुतिका लागायची. आबा रेडिओसमोर मांडी घालून बसायचे आणि त्याच्या काचेतल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचे. संपली की सुमित्राला विचारायचे, "शेवटी तो पोरगा वापस आला का नाई?" ती ओरडून सांगायची. साऱ्या गल्लीला समजायचं, आबांना अर्धंच. पुढे पुढे त्यांनी विचारणंही बंद केलं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं. आबांना एक श्रुतिका पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकवायचीच! त्यासाठी घरात थेटर उभं करावं लागलं तरी चालेल. रेडिओला जोडायला आवाज वाढवायचं यंत्र, म्हणजे अँप्लिफायर, आणि त्याला एक दणदणीत स्पीकर. आबांना काही सांगायचं नाही, एकदम चकित करायचं. केवढी मोठी अक्कल! तुम्हीच बघा आता.

खामगावच्या बाजारात असल्या सामानाचं एक दुकान होतं. तिथल्या शेठनी दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक लाकडी पेटी, आतल्या बाजूला कागदाचा पडदा असलेली. दुसरा ॲल्युमिनियमचा भोंगा, परातीएवढ्या तोंडाचा.

शेठ म्हणाले, "मास्टरजी, घर के लिए पेटी लेव. भोंगा तो बारात का माल है."

मी म्हटलं, "शेठ, निवड करायची तर पारखून करावी लागते. दोन्ही लावा."

आणि मग मी जी पारख केली, तिला तोड नाही. आबांना ऐकू येत नाही ना? मग आपणही आबांसारखंच ऐकून बघायला हवं! खामगावात कापसाला काय तोटा? एका गाडीतून सांडलेला कापूस उचलला, बोळे केले, दोन्ही कानांत ठासून भरले आणि रस्ता ओलांडून समोरच्या पानठेल्यापाशी जाऊन उभा राहिलो. हात वर करून खूण केली. शेठनी पेटी लावली. नुसतं काहीतरी घुमल्यासारखं. भोंगा लावला. वा! खणखणीत! मी आणखी मागे सरकलो. तरी खणखणीत. आणखी मागे सरकलो, तर पाठीत काहीतरी टोचलं. वळून बघतो तर बैलगाडीचं जू! गाडीवान केव्हाचा ओरडत होता म्हणे. मी कानातला कापूस काढला.

"बयरा हायेस काय बे?" तो म्हणाला.

"मी नाही, माझे वडील आहेत," मी अभिमानानं सांगितलं.

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलो नाही. बाजूचा पानवालाही हातातलं पान तसंच धरून बघत होता.

अशा तीन शनिवारी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला शेठ पेटीचं नावसुद्धा काढेनात. त्यांनी मुकाट्यानं भोंगा सुतळीनं बांधून दिला, अँप्लिफायर दिला, वर आवाज तपासायला एक बोलायचा माइकही दिला. ते सगळं मांडीवर घेऊन मी एसटीनं गावी आलो आणि आबांना दिसू नये म्हणून रात्रभर कडब्यात दडवून ठेवलं.

रविवारी सकाळी आबा मळ्यात गेले होते. तेवढ्यात मी कामाला लागलो. भोंगा आधी घरातच लावला. एकदा "हॅलो" म्हटलं तर फळीवरच्या पितळी ताटल्या खाली आल्या. सुमित्रा म्हणाली, "आहो, हे घरात ठेवाचं असन तं मी माहेरी चालली." मग शिडी लावून भोंगा धाब्यावर चढवला. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. भोंग्याचं तोंड अंगणातल्या आबांच्या बाजेकडे केलं. अंगणाच्या पलीकडे गल्ली होती आणि गल्लीच्या पलीकडे अख्खं गाव, हे डोक्यात आलं नाही.

रेडिओ लावला. सकाळची वेळ. रेडिओवर काय चालू होतं? सनई! धाब्यावरून सनई अशी सुटली की पार नदीच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका थबकल्या. मग मी माइकवर म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येतो काय?" लांबून कुठून तरी उत्तर आलं, "येते जीऽऽ!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता इथं थोडं थांबतो. आमच्याकडच्या पंगतीची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. 'घरटी एक' म्हणजे दर घरातून एकानंच यायचं. आणि 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. आणि धाब्यावर भोंगा चढला, सनई वाजली, की त्या घरी कार्य आहे हे सांगायला कुणी लागत नाही. आणखी एक. जेवण कशाचं आहे हे पाहुण्यानं विचारायचं नसतं. ते बरं दिसत नाही. हे सगळं मला माहीत नव्हतं का? लोटा घेऊन मी स्वतः कितीतरी पंगतींना गेलोय! पण त्या सकाळी माझ्या डोक्यात श्रुतिकेशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं.

शिडीवरून उतरतो तर दारात शेजारचे किसनभाऊ. डोक्याला फेटा, चेहरा गंभीर.

"मास्तर, भोंगा लावला तुमी!"

"लावला तं! येता ना?"

"येतो ना जी, काऊन नाई येणार? घरटी एक का?"

"घरटी एक काऊन? सगळे या! म्हातारे-कोतारे, लेकरं, सगळे. घरी कोणी राहूच नका."

किसनभाऊंनी फेटा सावरला. "सगळं गाव?"

"गावालेच सांगा!"

"किती वाजता?"

"एकले सुरू. पण आधी येऊन बसा. उशिरा आला त्याच्या हाती काही लागणार नाही."

"आमी काही आणाचं?"

"बसाले पोतं आणा. अन् लोटा आणजा, आमच्याकडचं पाणी पुरणार नाही."

किसनभाऊंनी माझ्याकडे असं काही भरून आल्यासारखं पाहिलं की मला वाटलं, बघा, खेड्यातला माणूस! पण त्याला नाटकाची किती ओढ!

साडेबाराला आबा मळ्यातून आले, हातपाय धुऊन आत जाऊन पडले. त्यांना सनईही कळली नव्हती आणि माझी धावपळही. सुमित्रा परसातून आली आणि म्हणाली, "आहो, आज कोणाच्याच घरून धूर नाई दिसत. काऊन असन?" मी म्हटलं, "रविवार आहे. आळस!" बघा, डोळ्यांसमोर सगळं होतं.

पावणेएकपर्यंत अंगण भरलं. गल्ली भरली. धुतलेली धोतरं, टोप्या, ठेवणीतली लुगडी, तेल लावून चोपून भांग पाडलेली लेकरं. हातात लोटा, काखेत पोतं. पण बसले कसे? समोरासमोर दोन-दोन रांगा करून, मध्ये वाट सोडून! मी हात जोडून म्हटलं, "मंडळी, तोंडं भोंग्याकडे करा." लोकांनी भिडेपोटी माना थोड्या वळवल्या. पाय मात्र होते तिथेच.

एक वाजला. श्रुतिका सुरू झाली. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई, असं काहीतरी होतं. भोंगा कडकडून बोलत होता. खाली दीडशे माणसं अगदी चिडीचूप. कुणी खोकत नव्हतं. मला वाटलं, श्रुतिका मनाला भिडली. नंतर कळलं की सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं आणि अन्नाचा वास काऊन येत नाही, या काळजीत गाव बुडालं होतं.

मी आत जाऊन आबांना उठवलं आणि हाताला धरून ओट्यावर आणलं. म्हटलं, आता बघा आबांचा चेहरा!

आबांनी वर भोंग्याकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग खाली पाहिलं. टोप्या घातलेलं, तोंडं सुकलेलं, गप्प बसलेलं गाव. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आणि बहिऱ्या माणसाचा आवाज किती मोठा असतो तुम्हाला माहीत आहे.

"कोण गेलं?"

दीडशे माना वळल्या. वर भोंग्यात कुणीतरी रडत होतं.

आबा माझ्याकडे वळले. "आपल्या घरचं कोणी गेलं का बे? मले काऊन नाई सांगतलं? ऐकू येत नाई म्हून मले आता मेल्याचंबी सांगत नाई तुमी?"

मंडळी, मी कधी मार खाल्ला नव्हता असं नाही. पण तसा मार कधी बसला नव्हता. मी त्यांच्या कानात ओरडलो, "आबा, कोणी नाही गेलं! नाटक आहे! नाटक!" त्यांना काही समजेना. मी आणखी ओरडलो. ते आणखी घाबरले.

आणि नेमक्या त्याच वेळी किसनभाऊ उठून, हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाले, "मास्तर, गैर मानू नका. लेकरं भुकेजली. पत्रावळी केव्हा मांडता?"

"कसल्या पत्रावळी?"

पुढचं मी तुम्हाला काय सांगू? भोंगा, सनई, 'सगळं गाव या', 'घरी कोणी राहू नका', एकेक करून सगळं माझ्या डोक्यात शिरलं. सुमित्रा दारात उभी होती. घरात आम्हा तिघांपुरत्या सहा भाकरी होत्या. मी जाऊन भोंग्याची तार ओढून काढली आणि त्या शांततेत गावापुढे हात जोडून खरं ते सांगितलं. जेवण नाही, लग्न नाही, काहीच नाही. आबांना नाटक ऐकू यावं म्हणून हे सगळं केलं.

गावात तोवर पैजा लागल्या होत्या, हे मागून समजलं. कुणी म्हणे मास्तरांची बदली झाली, कुणी म्हणे सुमित्राला दिवस गेले, बहुतेकांचं मत आबांची सत्तरी. जेवण फक्त नाटकाचं असेल, असं एकाच्याही मनात आलं नव्हतं.

शेवटी भागाकाकू उठल्या. पांढऱ्या केसांच्या, गावातल्या प्रत्येक पंगतीचा स्वयंपाक बघणाऱ्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बायांना म्हणाल्या, "चुली बंद हायेत नं? मंग बंदच राहू द्या. ज्याच्या घरी जे हाये ते घेऊन या. रोडगे करू. मास्तरच्या भरवशावर बसलो तं दिवाळी होईन."

अर्ध्या तासात पिठं आली, वांगी आली, तुरीची डाळ आली. गोवऱ्यांचा ढीग रचून आर पाडला, त्यात कणकेचे गोळे भाजायला टाकले. आणि आर कोण सांभाळत होतं? आबा! तीस वर्षं यंत्रं सांभाळलेला माणूस, विस्तव दिसल्यावर गप्प बसेल? काठी घेऊन उकिडवे बसले, निखारे इकडून तिकडे करू लागले. किसनभाऊ त्यांच्याजवळ जाऊन बसले, कानाशी वाकून काहीतरी बोलले. आबा हसले, आणि त्या वेळी मुळीच उशीर झाला नाही. पंगत बसल्यावर मी पाणी वाढत फिरलो, आणि ज्यानं-त्यानं मला "मास्तर, नाटक चांगलं होतं" असं सांगून घेतलं. वर्षभर सांगत होते.

तो भोंगा मी शाळेला देऊन टाकला. पुढच्या शनिवारी खामगावहून लाकडी पेटी आणली, ती आबांच्या पसंतीनं. शेठनी तोंडातून एक शब्द काढला नाही. तो माणूस फार सभ्य.

पण त्या रविवारचं संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. माणसं घरोघर गेली होती. उन्हं कलली होती. आबा अजून त्या आराशी बसले होते. मी भीतभीत शेजारी जाऊन बसलो.

"ते वरतं काय आणून ठेवलं?" त्यांनी विचारलं.

मी कानाशी वाकलो. किसनभाऊंसारखं, हळू. सगळं सांगितलं. घरातलं थेटर, खामगावच्या तीन खेपा, पेटी का भोंगा, किती पारखून घेतला, सगळं. त्यांना सगळं समजलं. एकदाही "आँ?" म्हणाले नाहीत.

मग म्हणाले, "आवाज येते मले. मोठा नाई पायजे. बारीक आवाज गेले माहे, जाडे राह्यले. तो भोंगा नुसता सुईवानी टोचते, शब्द नाई लागत. पेटी घ्याची होती."

"मंग सांगतलं काऊन नाही, आबा? एवढे दिवस!"

"इचारलं कोनं?"

मी एक गोवरी उचलून निखाऱ्यांवर ठेवली. आबा काठीनं राख सारत होते.

"तीन खेपा गेला?"

"हाव."

"दोन्ही लावून पाह्यले?"

"हाव, आबा. लय ऐकलं. लय पारखलं."

आबांनी काठी खाली ठेवली. माझ्याकडे वळून, शाळेतल्या ढ पोराकडे बघावं तसं, कितीतरी वेळ पाहिलं.

"कान माहे," ते म्हणाले, "अन् ऐकाले तू गेला?"